येळवस, आंबील आणि गिलिनॉरचा समुद्र

मराठवाड्याला समुद्र नाही. लातूरहून कोकणात उतरायचं तर अख्खा दिवस गाडीत जातो. तरी यंदा मी शिडाची बोट हाकली ती औसा तालुक्यातल्या मामाच्या शेतात, कडब्याच्या कोपीत बसून. येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, गेले होते. सोबत मामेभाऊ, म्हणजे दादा, त्याची नववीतली लेक आणि आम्हा तिघांच्या मोबाइलवर ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’. १९ नोव्हेंबर २०२५ ला या खेळातला समुद्र खुला झाला आणि दादाचा फोन आला, “येळवशीला ये, आणि मेंबरशिप चालू ठेवून ये.” परत आल्यावर बऱ्याच जणांनी येळवशीबद्दल आणि या खेळाबद्दल विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रूनस्केप हा इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा २००१ पासूनचा ऑनलाइन खेळ. गिलिनॉर नावाचं जादूचं जग, त्यात हजारो माणसं एकाच वेळी हिंडत असतात. खेळ वाढत गेला, बदलत गेला आणि जुन्या लोकांना आपलं आधीचं जग आठवू लागलं. कंपनीकडे ऑगस्ट २००७ मधली एक प्रत राहिली होती. खेळाडूंचा कौल घेऊन फेब्रुवारी २०१३ मध्ये तीच प्रत पुन्हा सुरू झाली, तोच हा ‘ओल्ड स्कूल’. तेव्हापासून त्यात मोठं काही आणायचं तर आधी खेळाडूंचं मतदान होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला आणि खेड्यापाड्यातल्यांची सोय झाली.

पोचल्याचा दिवस: लंब्रिज ते पोर्ट सारीम

रात्रीची गाडी, पहाटे लातूर, औशापर्यंत एसटी आणि पुढे दादाची मोटारसायकल. थंडी मात्र सांगण्यासारखी होती. कानाला मफलर गुंडाळूनही डोळ्यांतून पाणी येत होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी जेमतेम गुडघ्याला लागलेली. एरवी येळवशीपर्यंत ती पोटरीत आलेली असते. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत तेरणा आणि मांजरा पात्र सोडून शेतांत शिरल्या, सोयाबीन जागेवर कुजलं आणि वाफसा यायला इतका वेळ लागला की रब्बीची पेरणी मागं गेली. नदीकाठच्या एका तुकड्यातली काळी माती पार खरवडून गेली आहे, खाली मुरूम दिसतो. दादानं गाडी थांबवून तो तुकडा दाखवला, काही बोलला नाही.

घरी मामीनं धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी पुढं ठेवली. जेवण उरकून ओसरीवर बसलो तोच भाची मोबाइल घेऊन शेजारी आली. तिचं खातं नवंकोरं, फुकटातलं. मेंबरशिप नसली तरी गिलिनॉरचा जुना मुलूख, म्हणजे लंब्रिज, वॅरॉक, फालाडोर, पोर्ट सारीम, सगळा फिरता येतो. आम्ही लंब्रिजपासून सुरुवात केली. तिथल्या किल्ल्यात एक आचारी डोक्याला हात लावून उभा असतो. सरदाराचा वाढदिवस आहे, केक करायचाय आणि घरात ना अंडं, ना दूध, ना पीठ. या खेळात बहुतेकांचं पहिलं काम तेच. गव्हाच्या शेतात जाऊन गहू खुडायचा, पवनचक्कीच्या माडीवर चढून तो वरच्या तोंडात टाकायचा, दांडा ओढायचा आणि खाली येऊन भांड्यात पीठ भरून घ्यायचं. भाचीला ही चक्की फार आवडली. दूध काढताना मात्र ती अडली. “आत्या, वासरू न सोडता पान्हा कसा फुटला?” मामी आतून म्हणाली, “बरोबर बोलायलीय पोरगी.”

पीठ, दूध, अंडं पोचवून आम्ही पश्चिमेला निघालो. ड्रेनॉर गाव लागलं. पाण्याच्या कडेला विलोची झाडं आणि त्यांच्याभोवती कुऱ्हाडी घेऊन जमलेली माणसं. २०२३ च्या उन्हाळ्यात ‘फॉरेस्ट्री’ हा प्रकार आला तेव्हापासून झाडतोडीची रीतच बदलली आहे. आधी एका झाडावर दोघे आले की एकमेकांकडे वाकडं बघायचे. आता एकाच झाडावर जितके जास्त हात, तितका सगळ्यांचा फायदा, दहा जणांपर्यंत. त्यामुळे गप्पा होतात. आमच्या शेजारी एक बाई फिनलंडमधून खेळत होती. तिच्याकडे दुपारी साडेतीनलाच अंधार पडला होता. भाचीनं तिला मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे उद्या सगळं गाव शेतात जेवायला जातं. तिनं विचारलं, कशासाठी? भाचीनं उत्तर दिलं, “शेताला जेवू घालायला.” मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

नवख्यांसाठी दोन गोष्टी इथंच सांगते. खातं उघडताच दुहेरी पडताळणी चालू करा, म्हणजे पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी खातं वाचतं. आणि ग्रँड एक्सचेंजच्या बाजारात “मला नाणी दे, दुप्पट करून देतो” म्हणणारा भेटला की सरळ पुढं चालायचं. लहान मुलं नेमकी तिथं फसतात. नवख्यानं उत्तरेकडच्या वाइल्डरनेसमध्येही जाऊ नये. तिथं दुसरे खेळाडू तुम्हाला मारून सामान नेऊ शकतात.

पोर्ट सारीमला पोचलो तेव्हा बाहेर सगळं शांत झालं होतं. जुनं बंदर आहे हे. धक्क्याला जहाजं लागलेली. एन्ट्रानाच्या साधूंचं जहाज इथंच, हत्यार असेल तर ते पाय ठेवू देत नाहीत. करामजाला नेणारे खलाशीही इथंच, तीस नाणी घेतात. इतकी वर्षं समुद्रप्रवास म्हणजे एवढंच होतं. खलाशाला पैसे द्यायचे, पडदा काळा व्हायचा आणि पुढच्या क्षणी पलीकडच्या केळीच्या बागेजवळ उतरायचं. मधलं निळं पाणी केवळ बघण्यापुरतं. त्यात आता शिरता येणार होतं. पण मामीनं दिवा मालवला. पहाटे तीनला उठायचं होतं.

येळवस

मार्गशीर्ष अमावास्या. लातूर-धाराशिवकडं ही दिवाळीइतकी मोठी. लातूर शहराचे रस्ते या दिवशी ओस पडतात, कारण ज्याचं शेत नाही तोही कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला गेलेला असतो. पहाटे घरातल्या सगळ्या चुली पेटल्या होत्या. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, भुईमूग, मेथी, पालक, चिंचेचा कोळ आणि बेसन, सगळं एकत्र रटरटत शिजलं की होते ती भज्जी. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. आणि आंबील, ताक आणि ज्वारीच्या पिठाची, लसणाचा ठेचा घातलेली, आदल्या दिवसापासून आंबवलेली. मामीनं आंबिलाचं मडकं डोक्यावर घेतलं आणि आम्ही पाटीपाटीनं सामान घेऊन तिच्या मागून बांधाबांधानं शेतात.

कडब्याच्या पेंढ्या टेकवून कोप केलेली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव. पूजा झाली, नैवेद्य झाला आणि मामा आंबील शिंपडत पिकाभोवती निघाले. मागून आम्ही सगळे, “ओलगे ओलगे सालम पोलगे!” यंदा खरवडलेल्या तुकड्यापाशीही मामा थांबले, तिथं काही पेरलेलं नाही, तरी तिथंही शिंपडलं.

जेवण झाल्यावर कोपीच्या सावलीत आडवे झालो. गावात नेटवर्क येतं-जातं, पण शेतातून टॉवर समोर दिसतो. या खेळाचं एक फार चांगलं आहे. त्याचा ठोका ०.६ सेकंदाचा आहे. म्हणजे तुम्ही केलेली कृती दर ०.६ सेकंदाला एकदा मोजली जाते. त्यामुळे सर्व्हर युरोपात असला आणि सिग्नल अधूनमधून लंगडला तरी फारसं बिघडत नाही. बंदुकीच्या खेळांना लागतो तसा महागडा फोनही नको.

बोट सुरू करण्याआधी मी माझं शेत बघून घेतलं. पोर्ट सारीमच्या उत्तरेला, फालाडोरच्या वाटेवर, दोन वाफे, एक फुलांचा चौकोन आणि एक औषधी रोपांचा. मेंबरशिप असेल तर इथं पेरता येतं आणि पीक खऱ्या वेळेनं वाढतं, तुम्ही खेळ बंद केला तरीही. कांद्याला चाळीस मिनिटं. मामा शेजारी तंबाखू मळत बसले होते, मान वळवून म्हणाले, “हे काय पेरायलीस?”

म्हटलं, कांदा.

“आन् ते मधी फूल कशाचं?”

“झेंडू.”

मामा उठून बसले. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला, आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. “टमाट्यात आमी झेंडू लावतो. अळी त्याच्यावर जाते, टमाटं वाचतं. ह्येंला कुणी सांगितलं?” खेळातही नेमकं तसंच आहे. झेंडू पूर्ण फुलला की शेजारच्या कांद्याला, बटाट्याला, टोमॅटोला रोग लागत नाही. मक्यासाठी त्याच चौकोनात बुजगावणं उभं करायचं. मामांनी मग खत कुठलं, पाणी किती, राखणदार आहे का, सगळं विचारून घेतलं. राखणदार आहे, एल्स्टन त्याचं नाव. कांद्याच्या राखणीला तो एक पोतं बटाटे मागतो. “वस्तूवर राखण,” मामा म्हणाले, “आमच्या आज्ज्याच्या वेळंला असंच व्हतं.” पुढचे दिवस चहाच्या वेळी त्यांचा पहिला प्रश्न “कांदा आला का” हाच असायचा.

शेती करायची असेल त्यांनी झेंडू आधी लावावा. तो फुलायला वीस मिनिटं घेतो आणि फुलल्याशिवाय राखण करत नाही. दोन्ही एकदम पेरलं तर मधल्या वेळात कांद्याला रोग लागू शकतो.

आणि मग समुद्र. ‘पँडेमोनियम’ नावाच्या कामगिरीनं त्याची सुरुवात होते. पोर्ट सारीमच्या धक्क्यावरच्या खलाशांशी बोलायचं, थोडी धावपळ करायची आणि हातात एक तराफा येतो. ओंडके बांधलेला, वर एक शीड. शीड उभारलं आणि धक्का मागं सरकायला लागला तेव्हा भाची ओरडलीच. ज्या निळ्या रंगावर इतकी वर्षं हाताचं बोट टेकवून काहीच होत नव्हतं, त्याच्यावर आपण तरंगतोय! पडदा काळा झाला नाही. लंब्रिजच्या दलदलीचा किनारा डावीकडं लांबवर दिसत राहिला. वाऱ्याचा झोत आला की खूण उमटते, त्या क्षणी शीड सावरून घेतलं तर बोट सुळकन पुढं जाते. हे काम आम्ही वाटून घेतलं. माझ्या फोनवर सुकाणू मी धरलेलं आणि शीड सावरायला भाची हाताचं बोट रोखून बसलेली. कोपीवरून खराच वारा आला की ती हसायची.

पहिली कामं साधी असतात. एका बंदराच्या फलकावरून खोकं उचलायचं, दुसऱ्या बंदरात पोचवायचं. पैसे बरे मिळतात, आणि बंदरं ओळखीची होतात ते त्याहून मोलाचं. समुद्रात नव्यानं उतरणाऱ्यानं सुरुवातीला हीच कामं घ्यावीत, एका फेरीत एकाच दिशेची. लढायला जाऊ नये. तराफ्याला तोफ नसते आणि पाण्यात शार्क असतात.

संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून हेंडगा, म्हणजे मशाल, घेऊन पोरं पिकाभोवती पळाली. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत तसेच जाळ पळत होते.

दुसरा दिवस: बदक, आणि जुनं गाव

सकाळी शिळी भज्जी आणि भाकरी. शिळी जास्त लागते, हे इथं कुणीही सांगेल. मग दादा त्याच्या सेवा केंद्राला कुलूप लावून आला. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी तसंही कुणी फिरकत नाही.

दादा माझ्या पुष्कळ पुढं आहे. त्यानं मला कॅदरबीच्या किनाऱ्यावर बोलावलं आणि आपल्या बोटीवर चढवून घेतलं. त्याची बोट तराफ्याच्या वरची, स्किफ, ओकच्या लाकडाची. समुद्राचा नकाशा भरणं हे या नव्या खेळातलं सगळ्यात सुंदर काम आहे, आणि आम्ही दिवसभर तेच केलं. समुद्रात जागोजागी खुणा दडलेल्या. कुठं दुर्बीण लावून काही टिपायचं, कुठं तरंगतं खोकं फोडून आतलं पेय चाखायचं. आणि कुठं बदक सोडायचं. ‘करंट अफेअर्स’ ही कामगिरी पार पडली की एक बदक मिळतं. ठरलेल्या जागी ते पाण्यात सोडलं की प्रवाह नेईल तिकडं ते जातं, आणि आपण बोट घेऊन त्याच्या मागं. ते थांबेल तिथं नकाशात त्या प्रवाहाची नोंद होते. दादाच्या फोनभोवती आम्ही तिघं, मामी भाकरी थापता थापता मान उंच करून, आणि समोर एवढंसं बदक लाटांवर डोलत चाललेलं. मध्ये खडक आला, ते बाजूनं गेलं. आम्हीही गेलो. कुणी काही बोलत नव्हतं. नोंद झाल्याचा आवाज आला तेव्हा मामी म्हणाली, “पोचलं बाई एकदाचं.”

भाचीनं भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर स्वतःचा नकाशा काढायला घेतला. पोर्ट सारीम, कॅदरबी, करामजा, मधले प्रवाह निळ्या बाणांनी. खेळात आयता नकाशा असतानाही काढला, त्याचं मला फार कौतुक वाटलं.

दुपारी मामा म्हणाले, जुन्या गावाकडं जाऊन येऊ. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात या भागातली आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. जाड दगडी भिंती, मातीचा गिलावा आणि वर माळवदाचं ओझं. झोपेतल्या माणसांवर तेच आलं. लातूर आणि धाराशिव मिळून बावन्न गावं नव्या जागी हलवली. मामांचं गाव त्यांपैकीच. आत्ता ते राहतात ते नवं गाव, सरळ रस्ते, रांगेतली घरं. जुनं गाव तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. चौथरे शिल्लक आहेत, त्यांच्यात बाभळी वाढल्यात. मामांनी आपल्या उंबऱ्याचा दगड दाखवला. मग शेजारच्याचा. मग त्याच्या शेजारच्याचा. सगळी आळी नावानिशी सांगितली.

वाटेत त्यांनी विचारलं होतं, “तुमच्या त्या गेमात नवीन काही करायचं तर मतं घेतात, खरं व्हय?” मी २०१५ ची गोष्ट सांगितली. समुद्र खुला करायचा प्रस्ताव तेव्हाच आला होता. ७५ टक्के मतं हवी होती, पडली ६८ च्या आसपास. म्हणून तो गुंडाळला. कंपनीला हवा होता, बहुसंख्य लोकांनाही हवा होता, तरी गुंडाळला. २०२३ मध्ये पुन्हा विचारलं. नवं कौशल्य हवं का, हवं तर सुचवलेल्या तिन्हीपैकी कोणतं, ते कसं असावं, टप्प्याटप्प्यानं. या वेळी उंबरठा सत्तरचा होता, तो पार झाला आणि मग आणखी दोन वर्षं बांधणीला गेली. मामा ऐकत होते. म्हणाले, “आमच्या बी बैठका झाल्या. पण घर जमिनीवर ठरलं. भूमिहीन आन् कमी जमिनीवाल्याला अडीचशे फूट, मधल्याला चारशे, मोठ्याला साडेसातशे. ज्याच्या त्याच्या गटाची रांग वेगळी. शेजार मोडला.” घरं पक्की झाली, भूकंपात टिकतील अशी झाली, हेही त्यांनीच सांगितलं. पण बत्तीस वर्षांनंतरही ते संध्याकाळी गप्पांना गावाच्या दुसऱ्या टोकाला जातात, कारण जुना शेजारी तिकडे आहे.

मला या खेळात काय आवडतं ते त्या वाटेवर नीट उमगलं. समुद्र एवढा मोठा आला, पण लंब्रिजचा आचारी जागचा हलला नाही. पोर्ट सारीमची दारूची खोली, साधूंचं जहाज, तीस नाण्यांची करामजाची फेरी, सगळं जिथल्या तिथं आहे. ज्याला समुद्रात जायचं नाही त्याचं काहीच बिघडलेलं नाही. जग वाढवताना आधीचा शेजार राखला आहे.

तिसरा दिवस: वार्लामोर आणि गंजगोलाई

दादाला लातूरला काम होतं, आम्ही दोघी गाडीत मागं बसलो. गंजगोलाईत, जिथं सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, मामीसाठी पितळी पातेलं घ्यायचं होतं. पातेलं मिळालं, निलंगा राईसही मिळाला. झणझणीत, शेंगदाणे पेरलेला, कागदाच्या ताटलीतला. भाचीला तो घरच्या येळवशीच्या जेवणापेक्षा आवडला, हे मामीला सांगायचं नाही असं ठरलं.

दादाचं काम उरकेपर्यंत एका चहाच्या टपरीमागं सावलीत बसून वार्लामोर बघितलं. गिलिनॉरच्या नैर्ऋत्येचं हे राज्य मार्च २०२४ मध्ये खुलं झालं. वॅरॉकमध्ये एक छोटी कामगिरी केली की तिथं जाता येतं, मेंबरशिप मात्र लागते. राजधानीचं नाव किविटास इल्ला फोर्टिस. पांढऱ्या भिंती, तांबडी कौलं, मधोमध बाजार. तिथं ये-जा करायची ती क्वेट्झल नावाच्या रंगीत पक्ष्यांवर बसून. भाचीला फक्त पक्षी हवा होता. तिनं तो माझ्या फोनवर इतक्या वेळा उडवला की बॅटरी संपत आली. मला शिकाऱ्यांचा वाडा जास्त आवडला. तिथले वस्ताद तुम्हाला एखाद्या जनावराचा माग काढायला पाठवतात, जनावर पकडून आणलं की दुसरं सांगतात. लढाई न करता तासन् तास रमता येईल असा हा उद्योग आहे. ज्यांना मारामारी नको त्यांना मी शेती, शिकाऱ्यांचा वाडा आणि समुद्राचे नकाशे हे तीन उद्योग डोळे मिटून सुचवेन.

मेंबरशिपबद्दल. पैसे भरून घेता येते, किंवा खेळातल्या नाण्यांनी ‘बाँड’ विकत घेऊन. एका बाँडवर चौदा दिवस मिळतात. पण नवख्याला तेवढी नाणी जमवणं जड जातं, म्हणून आधी फुकटातला मुलूख पुरा फिरा. भाची अजून तेच करते आहे आणि तिला कंटाळा आलेला नाही.

निघायचा दिवस: कासवांचं बेट

सकाळी दादानं त्याच्या फोनवर ग्रेट काँच दाखवलं. दूरच्या समुद्रातलं मोठं बेट, तिथं टॉर्टुगन राहतात, कासवांसारखी पाठ असलेली माणसं. तिथं जायला समुद्राचा बराच अनुभव लागतो, मला अजून वेळ आहे. त्याच्या मागं बसून बघितलं. हिरवीगार झाडी, किनाऱ्यावर ही मंडळी सावकाश चाललेली. असल्या नव्या बेटांवर कापूर आणि रोजवूडसारखी नवी झाडं आहेत. त्यांच्या लाकडाचा सांगाडा केला तर बोट आणखी मजबूत होते.

समुद्राचं सगळंच चांगलं आहे असं नाही. बुडालेल्या जहाजांचं सामान गळानं वर ओढायचं काम मला कंटाळवाणं वाटलं. एकाच जागी बोट उभी करून तेच ते. लांबची अंतरं कापताना मधला पट्टा सुना वाटतो, सोबत कुणी नसेल तर जास्तच. दादाचं मत उलट आहे. सेवा केंद्रात माणसांचे फॉर्म भरता भरता त्याला तेवढंच निवांत काम हवं असतं, आणि गर्दीच्या वेळी फोन बाजूला ठेवला तरी चालतं. शर्यती मात्र आम्हा दोघांनाही आवडल्या. ठरलेल्या मार्गानं खोकी गोळा करत घड्याळाशी झुंजायचं. मोबाइलवर खेळणार असाल तर शर्यतीआधी फोन आडवा धरा आणि कॅमेरा वरून ठेवा, नाहीतर खडक उशिरा दिसतात.

मामांनी सागाचं विचारलं. बोट सागाची करता येते का? म्हटलं, येते. ओकच्या वरची पायरी सागाचीच. वॅरॉकच्या ईशान्येला वखार आहे, ओंडका नेऊन दिला की पाचशे नाण्यांत सागाची फळी कापून मिळते. “किनवटचा साग असंल तर इचारून बग,” मामा म्हणाले. किनवटच्या जंगलातून त्यांनी तरुणपणी गाडीभर लाकूड आणलं होतं, त्याची गोष्ट बसस्टँडला निघेपर्यंत चालली. मामीनं तिळाच्या पोळ्या आणि बाटलीभर आंबील बांधून दिली. आंबील पुण्यापर्यंत टिकली. बाटलीचं झाकण मात्र सैल ठेवा, ती फसफसते.

सध्या मी रोज रात्री थोड्या फळ्या कापून घेते आहे. दादा वादळी पाण्याकडं निघालाय. भाचीची वार्षिक परीक्षा झाली की तिला मेंबरशिप द्यायची असं तिच्या आईनं कबूल केलंय, आणि तोवर तिनं वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलेल्या बेटांकडं आम्ही जायचं नाही, असं तिनं आम्हा दोघांना बजावलंय.